नवीन ट्रक ड्रायव्हरचं मेडिकल आणि भरती : इंदूरमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रान्सपोर्ट नगर, लोहामंडी, देवास नाका, पलीकडे पीथमपूर. या पट्ट्यात ट्रकवर लागणाऱ्या मराठी मुलांची संख्या बरीच आहे. काही इथल्याच मिलकामगारांच्या घरातली, तर काही धुळे, शिरपूर, जळगावकडून कामाला आलेली. मी डॉक्टर आहे. ड्रायव्हरांच्या तपासण्या करते आणि काही गाडीमालकांना भरतीच्या वेळी सल्लाही देते. खालचे प्रश्न मुलं विचारतात, त्यांच्या आया विचारतात आणि एक-दोन गाड्या असलेले मालकही विचारतात.

लायसन्ससाठी एकदा मेडिकल झालं. आता कंपनी परत मेडिकल करा म्हणते. हे दोनदा कशासाठी?

ही दोन वेगळी कामं आहेत. लायसन्सच्या वेळचं मेडिकल म्हणजे फॉर्म १-ए. ते केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे लागतं. नोंदणीकृत डॉक्टर तुम्हाला तपासतो, तुमच्या फोटोवर सही करतो आणि हा माणूस वाहन चालवायला योग्य आहे असं लिहून देतो. आरटीओला तेवढं पुरतं.

कंपनीच्या मेडिकलचा प्रश्न वेगळा असतो. हा माणूस रात्री तीन वाजता, भरलेली गाडी घेऊन, सेंधव्याच्या पुढचा बिजासन घाट उतरू शकेल का? म्हणून त्यात रक्तदाब, साखर, डोळ्यांची नीट तपासणी, कान, कंबर-गुडघे, झोप, व्यसनं असं सगळं बघितलं जातं. हे मेडिकल मालकाला हवं असतं, तेव्हा त्याचा खर्च मालकानंच करावा असं माझं स्पष्ट मत आहे. नोकरी मिळायच्या आधीच मुलाच्या खिशाला चाट लावणारा मालक पुढे भत्त्यातही तेच करतो.

फॉर्म १-ए मध्ये नेमकं काय बघतात?

पंचवीस मीटरवरून, चांगल्या उजेडात, गाडीची नंबरप्लेट वाचता येते का. लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का. रातांधळेपणा आहे का. हॉर्नचा नेहमीचा आवाज ऐकू येतो का. हातापायांत असा काही दोष आहे का, ज्यामुळे स्टेअरिंग किंवा पेडलवरचा ताबा सुटेल. फिट येणं, भोवळ येणं, शुद्ध हरपणं असा काही इतिहास आहे का.

याच्या जोडीला फॉर्म १ असतो. तो तुम्ही स्वतः भरून सही करायचा असतो आणि त्यातही हेच प्रश्न असतात. एजंट तुमच्या वतीनं सगळीकडे ‘नाही’ लिहून टाकतो, पण खाली सही तुमची असते. उद्या काही झालं तर खोटं लिहिलं म्हणून कागद तुमच्याच विरुद्ध जाईल. म्हणून प्रत्येक ओळ वाचा. वाचायला अडचण असेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या.

पैसे दिले की सही-शिक्का मिळतो. सगळे तेच करतात. मग तपासून घ्यायची काय गरज?

न बघता केलेल्या सह्या होतात हे खरं आहे. एका दुकानात तर मी आधीच सही केलेल्या कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा पाहिला आहे. ज्या डॉक्टरनं त्या केल्या त्याला आपण काय करतोय ते कळत नव्हतं असं मी मानत नाही.

पण तपासणी टाळून तुम्ही आरटीओला चकवत नाही. तुमची नजर, तुमची साखर, तुमची झोप ही तुमच्यासोबत केबिनमध्येच बसणार असते. मानपूरच्या पुढे गणपती घाटाच्या उतारावर ट्रक अनावर होऊन वर्षानुवर्षं अपघात झाले आहेत. तिथे ब्रेक तापायला लागले की ड्रायव्हरकडे विचार करायला मोजके क्षण असतात. त्या क्षणी धूसर दिसणं किंवा डोकं जड असणं म्हणजे काय, हे कागदावरचा शिक्का सांगत नाही.

आणि हे मी मनापासून सांगते, तपासणीत जे निघतं त्यातलं बहुतेक सगळं बरं होण्याजोगं किंवा आटोक्यात येण्याजोगं असतं. चष्मा लागतो, बीपीची गोळी सुरू होते, साखरेचं पथ्य सुरू होतं, आणि माणूस कामावर जातो. कायमचा ‘नाही’ फार थोड्यांना सांगावा लागतो. लपवलेला आजार मात्र औषधाशिवाय वाढत राहतो आणि चाळिशीत एकदम पुढे येतो. तोपर्यंत घराचे हप्ते सुरू झालेले असतात.

हेवी लायसन्स कितव्या वर्षी मिळतं? शिक्षण किती लागतं?

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे मालवाहू गाडीसाठी वय किमान २० पूर्ण हवं. त्याआधी हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष हातात असलं पाहिजे. म्हणजे अठराव्या वर्षी कारचं लायसन्स काढून ठेवलं तर पुढचा वेळ वाया जात नाही. मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म ५ हे प्रमाणपत्रही लागतं.

आठवी पासची अट २०१९ मध्ये काढली. तरीही वाचता येणं गरजेचंच आहे. बिल्टीवरचं (मालाच्या पावतीवरचं) वजन, रस्त्यावरच्या पाट्या, औषधाच्या पाकिटावरची सूचना या रोज वाचाव्या लागतात.

चालवायला शिकताना घाई करू नका. सरकारमान्य चालक प्रशिक्षण केंद्रांत जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो. तो करण्याची सोय असेल तर जरूर करा. क्लीनर म्हणून वर्ष-दोन वर्षं उस्तादाच्या, म्हणजे जुन्या ड्रायव्हरच्या, शेजारी बसून शिकलेली मुलं गाडी छान ओळखतात. पण उस्तादाच्या वाईट सवयीही तशाच उचलतात, उतारावर न्यूट्रल टाकणं ही त्यातली पहिली.

माझं लायसन्स धुळ्याचं आहे, एमएच-१८. इंदूरच्या गाडीवर चालेल का?

चालेल. लायसन्स देशभर वैध असतं. इंदूरमध्ये कायमचं राहायला आलात तर पत्ता बदलून घ्या, म्हणजे नूतनीकरणाचं काम नायता मुंडल्याच्या आरटीओत होईल आणि दरवेळी गावी जावं लागणार नाही.

हलक्या वाहनाच्या लायसन्सवर छोटा मालवाहू टेम्पो चालवला तर?

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला हा वाद मिटवला. ज्या वाहनाचं एकूण वजन, म्हणजे भरलेल्या मालासकट, ७५०० किलोच्या आत आहे ते हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं. त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. मात्र टँकर किंवा धोकादायक माल असेल तर ही मुभा धरू नका. भरतीच्या दृष्टीनं पाहिलं तर नवीन मुलानं असं वर्षभर टेम्पो चालवणं मला फार चांगलं वाटतं. मालकाला त्याचा स्वभाव कळतो, त्यालाही रात्रीचं काम झेपतं का ते समजतं.

चष्मा आहे. रिजेक्ट होईन का?

नाही. चष्मा लावून नीट दिसत असेल तर चालतं. दुसरा जोड केबिनमध्ये ठेवा, कारण पहिला नेमका तुटू नये तिथेच तुटतो. समोरच्या गाडीच्या दिव्यांभोवती वलयं दिसत असतील, रात्री डोळे दिपल्यावर सावरायला वेळ लागत असेल तर नंबर बदललाय किंवा मोतीबिंदू सुरू झालाय असं समजा आणि दाखवून घ्या. चाळिशीच्या आसपास जवळचं धूसर होतं, तेव्हा मीटरवरचे आकडे वाचताना मान मागे जाते. त्यालाही चष्माच उपाय.

रंगाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. जून २०२० च्या दुरुस्तीनंतर सौम्य आणि मध्यम रंगांधत्व असलेल्यांना लायसन्स मिळू शकतं, तीव्र रंगांधत्व असलेल्यांना नाही. किती आहे ते डोळ्यांच्या डॉक्टरकडूनच ठरवून घ्या. रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे पाठ करून येणारी मुलं भेटतात. मी पानं उलटसुलट दाखवते.

मेडिकलच्या दिवशी बीपी वाढलेलं निघालं. झालं, नोकरी गेली?

एका मोजणीवर मी कुणालाही नाकारत नाही, आणि कुणी नाकारू नये. रात्रभर गाडी चालवून, तीन चहा आणि तंबाखू खाऊन तुम्ही थेट तपासणीला आलात तर बीपी वाढलेलंच दिसणार. मोजण्याआधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसायचं. लघवी तुंबवून बसायचं नाही, त्यानंही आकडा चढतो.

दोन-तीन वेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्यापेक्षा जास्त राहिलं तर तो रक्तदाबाचा आजार. औषध घ्यायचं आणि काम करायचं. १८०/११० किंवा त्याहून वर असेल तर मात्र ते खाली येईपर्यंत मी गाडी देऊ देत नाही. साधारण काही आठवड्यांचा प्रश्न असतो. तेवढ्या काळात मालकानं त्या मुलाला गोदामात किंवा गाडीच्या देखभालीत काम द्यावं, अशी माझी विनंती असते. काही मालक ऐकतात.

गोळी सुरू झाली की ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती सोडू नका. रस्त्यावर सगळ्यात जास्त ड्रायव्हर इथेच चुकतात.

शुगर आहे. गोळ्या चालू आहेत. सांगायचं की नाही?

सांगायचं. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ६.५ किंवा जास्त आली तर मधुमेह धरतात. त्यासाठी आठ तास उपाशी राहून यावं लागतं, पाणी चालतं.

ड्रायव्हरच्या बाबतीत वाढलेल्या साखरेपेक्षा मला एकदम उतरलेल्या साखरेची भीती जास्त वाटते. ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेतल्यावर जेवण चुकलं तर साखर ७० च्या खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोकं चालेनासं होतं, माणूस दारू प्यायल्यासारखा वागतो. महूच्या पुढे जाम लागला, ढाबा दोन तास लांब राहिला, की हे घडतं. म्हणून ड्रायव्हरला कोणतं औषध द्यायचं हे ठरवताना डॉक्टरला त्याचं काम माहीत असलं पाहिजे. साखर खाली न नेणारी औषधंही असतात, ती अनेकांना चालतात. तुम्ही ट्रक चालवता हे लपवलंत तर डॉक्टर तुम्हाला ऑफिसात बसणाऱ्या माणसाचं औषध देणार.

इन्सुलिन किंवा अशा गोळ्या चालू असतील तर बोटातून साखर मोजायचं यंत्र सोबत ठेवा. निघण्याआधी मोजा, ९० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन मगच चावी फिरवा. खिशात साखर किंवा ग्लुकोज असू द्या. गाडी चालवताना वरची लक्षणं जाणवली तर बाजूला लावा, इंजिन बंद करा, गोड खा, आणि पूर्ण बरं वाटल्यावरही पाऊण तास थांबा.

लहानपणी फिट यायची. आता बरीच वर्षं आली नाही.

याचं उत्तर देताना मला दरवेळी वाईट वाटतं, पण ट्रकसाठी मी सही करत नाही. फॉर्ममध्ये हा प्रश्न थेट विचारलेला आहे, आणि जागरण हे फिट येण्याचं मोठं कारण असतं. ट्रकवर जागरण टळत नाही. वाहतुकीच्याच धंद्यात बुकिंग, लोडिंगची देखरेख, टायर-मेकॅनिकचं काम, ताफ्याच्या जीपीएसवर नजर ठेवणं अशी कामं आहेत. ज्याला गाड्यांची आवड आहे त्यानं तिकडे बघावं. औषध चालू असेल तर ते मनानं बंद करू नये.

रिपोर्ट सगळे चांगले आहेत. पण डॉक्टरनं घोरण्याबद्दल इतकं का विचारलं?

कारण मला तिथेच सगळ्यात मोठा धोका दिसतो आणि रक्ताच्या रिपोर्टात तो येत नाही.

काही माणसांचा झोपेत श्वास अडतो. ती जोरात घोरतात, मध्येच श्वास थांबतो, दचकल्यासारखं करून पुन्हा सुरू होतो, रात्रीतून अनेकदा. त्यांना वाटतं आठ तास झोपलो, पण झोप झालेली नसते. सकाळी डोकं दुखतं, दुपारी सिग्नलला उभं असतानाही डुलकी लागते. गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त, वजन जास्त, बीपी जास्त असेल तर शक्यता वाढते. हे ड्रायव्हरला स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळतं. म्हणून मी बायकोला किंवा क्लीनरला विचारते, आणि त्यांचं सांगणं मला मशीनइतकंच मोलाचं वाटतं. झोपेची तपासणी होते, श्वासाचं यंत्र लावून हा त्रास आटोक्यात येतो, वजन उतरलं तर बरेचदा कमी होतो.

आजार नसलेल्यांसाठीही झोपेचा हिशेब तोच. सलग सतरा-अठरा तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंद होतो, असं १९९७ पासूनच्या प्रयोगांत दिसलं आहे. आपल्या कायद्याची दारूची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे थेंबही न घेता ड्रायव्हर त्या रेषेच्या पलीकडे गेलेला असू शकतो आणि पोलिसाच्या मशीनमध्ये काहीच दिसत नाही. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळात शरीर आपोआप झोप मागतं. त्या वेळी चहानं किंवा गाण्यांनी डोळे उघडे राहतात, भान राहत नाही. गाडी सुरक्षित जागी लावून वीस मिनिटं झोपा. लांबणाऱ्या डिलिव्हरीबद्दल मालक ओरडला तर त्याला या पानावरचा हा परिच्छेद वाचून दाखवा.

व्यसनाची तपासणी कशी करतात? डोडा घेत असेल तर सापडतो का?

दारूसाठी श्वासाची तपासणी असते. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच शहरात, एअरपोर्ट रोडवर, संध्याकाळच्या गर्दीत शिरलेल्या ट्रकनं माणसं चिरडली. ते पाहिल्यावर या प्रश्नावर मला कुणाचीही समजूत काढावीशी वाटत नाही.

डोडा चुरा, म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा, हे आपल्या माळव्याचं दुखणं आहे. मंदसौर-नीमच हा अफूचा पट्टा, तिथून येणारा चुरा १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली गुन्हा आहे, तरी हायवेवर मिळतो. ‘थकवा येत नाही’ म्हणून जुने ड्रायव्हर नव्याला देतात. त्यात मॉर्फिन असतं. लघवीच्या तपासणीत ते एक-दोन दिवस, नेहमी घेणाऱ्यात त्याहून जास्त दिवस सापडतं. थकवा जात नाही, फक्त जाणवत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, त्यामुळे अंधारात कमी दिसतं. आणि वेळेवर मिळाला नाही की जांभया, नाक वाहणं, जुलाब, अंग मोडून येणं सुरू होतं. अशा अवस्थेत चालवलेली गाडी तितकीच धोक्याची.

आधीच सवय लागली असेल तर एकदम सोडून मेडिकल पास करायचा प्रयत्न करू नका. उपचार आहेत, गोळ्यांनी हळूहळू सुटतो. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा. स्वतःहून सांगणाऱ्या मुलाला मी व्यसनी म्हणून परत पाठवत नाही, रुग्ण म्हणून दाखल करून घेते.

सर्दीच्या आणि खोकल्याच्या औषधांबद्दलही विचारा. बऱ्याच औषधांनी झोप येते, आणि काही खोकल्याच्या औषधांतलं कोडीन तपासणीत दिसतं. कोणतं औषध घेतलं ते आधीच सांगितलंत तर गैरसमज होत नाही.

कंपनी एचआयव्हीची तपासणी सक्तीनं करू शकते का?

नाही. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ प्रमाणे नोकरी देण्यासाठी ही तपासणी अट म्हणून घालता येत नाही. तुमच्या संमतीशिवाय ती करताही येत नाही. रक्ताच्या तपासण्यांची यादी हातात घ्या, वाचा, आणि त्यात हे नाव असेल तर कुणी सांगितलं ते विचारा.

स्वतःहून तपासून घ्यायचं असेल तर अवश्य घ्या. एम. वाय. रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयात ही तपासणी मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते. माहितीसाठी १०९७ हा फोन आहे. औषध चालू असलेला माणूस ट्रक उत्तम चालवू शकतो.

टीबी निघाला तर?

औषध मोफत मिळतं. उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये थेट खात्यात येतात. सुरुवातीचे काही आठवडे सुट्टी घ्या, नंतर ताकद आली की डॉक्टरला विचारून कामावर जा. एक गोष्ट ड्रायव्हरनं लक्षात ठेवायची. टीबीच्या औषधांपैकी इथॅम्ब्युटॉलचा परिणाम क्वचित डोळ्यांवर होतो आणि लाल-हिरव्यातला फरक धूसर होऊ शकतो. तसं वाटलं तर गाडी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरला सांगा. लवकर कळलं तर बहुतेकदा नजर परत येते.

माझा रिपोर्ट मालकाला पूर्ण दाखवतात का?

दाखवू नये. मालकाला तीनपैकी एक उत्तर पुरतं: योग्य, काही अटींवर योग्य, सध्या योग्य नाही. अट म्हणजे ‘चष्मा लावून’ किंवा ‘तीन महिन्यांनी बीपी पुन्हा दाखवून’. आजाराचं नाव ही तुमची बाब आहे. पूर्ण रिपोर्टची प्रत मात्र तुम्ही मागून घ्या. पुढच्या नोकरीत तीच जुनी नोंद कामाला येते.

आमच्या दोनच गाड्या आहेत. नवीन मुलगा ठेवताना आम्ही काय बघावं?

लायसन्स कागदावर बघून थांबू नका, परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून खरं आहे का, कोणत्या वाहनासाठी आहे, मुदत कधीपर्यंत आहे ते तपासा. अवैध लायसन्स असलेल्याला गाडी दिली तर ५,००० रुपये दंड मालकालाही आहे. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी जखमींना दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते. आधीच्या मालकाला फोन करा आणि ‘कसा आहे’ असं विचारू नका, ‘परत ठेवाल का’ असं विचारा. पोलीस पडताळणी करा.

मग गाडी चालवून बघा, आणि रिकामी नाही, भरलेली. तो चढण्याआधी गाडीभोवती फेरी मारतो का? टायर, हवेचा दाब, तेल, दिवे, ताडपत्रीच्या दोऱ्या बघतो का? गाडी मागे घेताना घाई करतो की उतरून बघून येतो? उतरणीला कोणता गिअर घेतो? जो मुलगा ज्या गिअरनं चढला असता त्याच गिअरनं उतरतो, ब्रेक थोडा थोडा लावतो, तो ठेवा. जो डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकतो त्याला आधी शिकवा. हल्लीच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना डिझेल तसंही जवळजवळ जात नाही, आणि न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर पडून ते तापतात.

पहिल्या काही फेऱ्या एकट्याला पाठवू नका. आणि डिलिव्हरीची वेळ ठरवताना त्याच्या झोपेचे तास त्यात धरा. तुम्ही ते धरले नाहीत तर वरचं सगळं मेडिकल फुकट.

मालक मूळ लायसन्स ठेवून घेतो म्हणतो.

देऊ नका. प्रत द्या. डिजिलॉकरमधलं लायसन्स पोलिसांना चालतं, पण म्हणून मूळ कागद दुसऱ्याच्या कपाटात असायचं कारण नाही. तो ठेवून घेणं म्हणजे तुम्हाला नोकरी सोडू न देण्याची सोय आहे.

दिवसाला किती तास गाडी चालवायची?

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रमसंहितेनं घेतली) घालून दिलेली मर्यादा होती दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आठवड्यात एक दिवस सुट्टी. रस्त्यावर असं फार कमी ठिकाणी पाळलं जातं हे मला माहीत आहे. म्हणूनच नोकरी ठरवताना विचारा: इंदूर-मुंबई फेरीला किती तास धरता? दुसरा ड्रायव्हर असतो का? या प्रश्नावर चिडणारा मालक नको. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकांत एसी केबिन सक्तीची आहे. मे महिन्यात निमाड पार करणाऱ्याला तिचं मोल कळेल.

विमा, दवाखाना यांचं काय?

दहा किंवा जास्त माणसं कामावर असतील आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतो. आपल्याकडे नंदा नगरला त्याचं रुग्णालय आहे. कार्ड पहिल्याच महिन्यात मागा. लहान मालकाकडे हे नसेल तर स्वतः बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा सुरू करा, वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण, वय १८ ते ७०. आणि पगार, भत्ता, सुट्टी एका कागदावर लिहून घ्या.

मांगलियाच्या डेपोतून टँकर चालवायचा आहे.

धोकादायक मालासाठी वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर वेगळी नोंद लागते. नेहमीच्या मालवाहू लायसन्सची मुदत पाच वर्षं, याची तीन. नवीन मुलानं थेट टँकरनं सुरुवात करू नये. आधी साध्या मालावर हात बसू दे.

लायसन्सच्या नूतनीकरणाला परत मेडिकल लागतं का?

हो, मालवाहूच्या प्रत्येक नूतनीकरणाला फॉर्म १-ए लागतो. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. संपल्यावर एक वर्ष उलटलं तर परत चाचणी द्यावी लागते. पाच वर्षांत शरीर बरंच बदलतं, म्हणून मधल्या काळात वर्षातून एकदा बीपी, साखर आणि डोळे दाखवून घ्या.

मुलगी ट्रक चालवते म्हणते. मेडिकल वेगळं असतं का?

तेच असतं. पॉवर स्टेअरिंगच्या गाडीला पैलवानाची ताकद लागत नाही. गरोदर आहे का ही तपासणी कुणी गुपचूप करत असेल तर हरकत घ्या. तिच्यासाठी मालकाला विचारायचा खरा प्रश्न म्हणजे रात्री थांबायच्या जागा कोणत्या आणि तिथे स्वच्छतागृह आहे का. तो पुरुष ड्रायव्हरांसाठीही विचारायला हवा, कारण लघवी तुंबवून आणि पाणी कमी पिऊन होणारे मुतखडे मी दर उन्हाळ्यात बघते.

मेडिकलला येताना काय आणू?

आधार, लायसन्स, दोन फोटो, चष्मा असेल तर चष्मा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं (नुसती नावं सांगू नका, ती चुकतात), जुने रिपोर्ट आणि कुठलं ऑपरेशन झालं असेल तर त्याचा कागद. आदल्या रात्री घरी झोपा. सकाळी उपाशी या. रक्त दिल्यावर पोहे खा, मग बाकीच्या तपासण्या करू.